माजी विद्यार्थी संघ कशासाठी?

धाराशिवहून छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ सुमारे अडीचशे किलोमीटर. 2004 साली धाराशिवला त्याचा उपपरिसर सुरू झाला आणि विद्यापीठाचे पदव्युत्तर शिक्षण जिल्ह्यात आले. पण पदवी हातात पडली की मुलगा पुणे गाठतो आणि विभागाशी संबंध तुटतो. तो संबंध टिकवण्याचे काम माजी विद्यार्थी संघाचे.

संघाची खरी ताकद म्हणजे त्याची यादी: नाव, विषय, पदवीचे वर्ष, सध्याचे काम. ती अद्ययावत असेल तर कळंब-भूमच्या विद्यार्थिनीला मुलाखतीची तयारी करून घेणारी ताई फोनवर भेटते, प्राध्यापकांना अभ्यासक्रमात काय जुने झाले ते कळते, पदवीधराला नोकरीची खबर लागते. उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. मात्र केवळ त्यासाठी वर्षातून एकदा मेळावा घेणे पुरेसे नाही.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संघाचे सभासदत्व म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेसाठी (सिनेट) मतदानाचा हक्क नव्हे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर 10 प्रतिनिधी निवडून देतात. त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज भरावा लागतो. पदवीधरांनी दोन्हीकडे नाव नोंदवावे.