कुलाबा किल्ल्यावर चालत जाताय? आधी ‘समचलन’ म्हणजे काय ते समजून घ्या

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मात्र परतायला उशीर झाला, तर भरतीचे पाणी वाट अडवते. ‘तासाभरात एवढेच पाणी चढले, म्हणजे अजून बराच वेळ आहे’ हा अंदाज इथे धोक्याचा ठरतो. का, ते शाळेतल्या गणितातच सापडते.

समचलन म्हणजे काय?
एक राशी जितक्या पटीने वाढते, तितक्याच पटीने दुसरीही वाढली, तर त्या दोन राशी समचलनात असतात. त्यांचा भागाकार कायम तोच राहतो. त्याला चलनाचा स्थिरांक म्हणतात. एका दराचे नारळ दुप्पट घेतले, की पैसेही दुप्पट लागतात. याउलट एक राशी दुप्पट झाल्यावर दुसरी निम्मी होत असेल, तर ते व्यस्त चलन. नुसत्या ‘दोन्ही वाढतात’ एवढ्यावरून मात्र समचलन ठरत नाही.

तिथीची पाऊणपट
कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे पूर्ण ओहोटी. हे समचलनच, स्थिरांक पाऊण तास. प्रत्यक्षात भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे पौर्णिमा-अमावस्येपर्यंत या हिशेबात पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

मग पाण्याचे काय?
पाण्याची उंची आणि वेळ समचलनात नसतात. दर्यावर्दी ‘बाराव्या हिश्श्यां’चा ठोकताळा वापरतात. समजा, सहा तासांत पाणी ३ मीटर चढणार आहे, तर :

• पहिला तास : २५ सेंमी
• दुसरा : ५० सेंमी
• तिसरा आणि चौथा : प्रत्येकी ७५ सेंमी
• पाचवा : ५० सेंमी
• सहावा : २५ सेंमी

पहिल्या तासावरून अंदाज बांधणाऱ्याला तीन तासांत ७५ सेंमी पाणी अपेक्षित असते. प्रत्यक्षात ते १५० सेंमी, म्हणजे दुप्पट चढलेले असते. उधाणाच्या दिवसांत हा वेग आणखी वाढतो.

काय लक्षात ठेवाल?
त्या दिवसाची ओहोटीची वेळ तक्त्यात पाहा, स्थानिकांना विचारा. पाणी उतरत असतानाच निघा आणि ते पुन्हा चढू लागण्यापूर्वी किनारा गाठा.