म्युनिकच्या त्या रात्रीचा संयमी आवाज

क्रीडा निवेदकाकडून प्रेक्षकांची अपेक्षा माफक असते. खेळाडूंची ओळख करून द्यावी, विक्रमांची आठवण सांगावी, विजेत्याचे कौतुक करावे. अमेरिकेच्या 'एबीसी' वाहिनीवरील ज्येष्ठ निवेदक जिम मॅके यांच्यावर मात्र ५ सप्टेंबर १९७२ रोजी याहून फार अवघड काम येऊन पडले. म्युनिक ऑलिंपिकमधील ओलीसनाट्यावर २०२४ मध्ये 'सप्टेंबर ५' हा चित्रपट आला. त्यात मॅके यांच्या भूमिकेसाठी अभिनेता न घेता त्यांचे मूळ चित्रणच वापरण्यात आले. त्या दिवसाच्या आठवणीशी हा आवाज किती एकरूप झाला आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

मॅके यांचे मूळ नाव जेम्स केनेथ मॅकमॅनस. जन्म २४ सप्टेंबर १९२१ रोजी फिलाडेल्फियात झाला. बाल्टिमोरमध्ये शिक्षण आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा झाल्यावर ते 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्र समूहात वार्ताहर झाले. १९४७ मध्ये याच समूहाने दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले, तेव्हा बाल्टिमोरच्या पडद्यावरून ऐकू आलेला पहिला आवाज त्यांचा होता. १९५० मध्ये ते न्यूयॉर्कला 'सीबीएस' वाहिनीत गेले. तेथील कार्यक्रमासाठी त्यांनी मॅके हे आडनाव घेतले आणि पुढे तेच रूढ झाले.

एप्रिल १९६१ मध्ये 'एबीसी'वर 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' सुरू झाला आणि मॅके घरोघरी पोचले. कड्यावरून समुद्रात सूर मारणारे मेक्सिकोतील साहसवीर असोत वा बर्फावरून पिंपांच्या रांगेपलीकडे उडी घेणारे खेळाडू, अपरिचित खेळही ते तितक्याच आस्थेने समजावून सांगत. खेळापेक्षा खेळणारा माणूस त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे.

म्युनिकमध्ये ५ सप्टेंबरला त्यांना सुटी होती. पहाटे 'ब्लॅक सप्टेंबर' संघटनेच्या आठ सशस्त्र पॅलेस्टिनींनी क्रीडाग्रामातील इस्राएली पथकाच्या निवासस्थानी शिरून दोघांना ठार केले आणि नऊ जणांना ओलीस धरले. 'एबीसी'च्या क्रीडा विभागाचे प्रमुख रून आर्लेज यांनी मॅके यांना तातडीने बोलावून घेतले. वार्ताहर म्हणून झालेली त्यांची जडणघडण हे या निवडीचे मोठे कारण होते. पोहण्यासाठी घातलेल्या कपड्यांवरच शर्ट-पँट चढवून ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि चौदा तासांहून अधिक काळ तेथेच होते.

खरी कसोटी रात्री लागली. ओलिसांना फुर्स्टेनफेल्डब्रुक येथील हवाईतळावर नेण्यात आले. तेथे पोलिसांची कारवाई सुरू झाली आणि थोड्याच वेळात सर्व ओलीस सुखरूप असल्याची वार्ता पसरली. पश्चिम जर्मन सरकारचे प्रवक्ते कोनराड आलर्स यांनीही कारवाई यशस्वी झाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तसे काहीच घडले नव्हते.

ओलिसांमधील वेटलिफ्टर डेव्हिड बर्गर मूळचा अमेरिकेचा. त्याचे आईवडील ओहायो राज्यातील शेकर हाइट्स येथे राहत. मुलगा जिवंत आहे की नाही, हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार, ही जाणीव त्या रात्री मनातून जात नव्हती, असे मॅके यांनी पुढे सांगितले. एक चुकीचे वाक्य त्या घरात खोटी आशा निर्माण करू शकले असते.

पहाटे तीन वाजून गेल्यावर नक्की माहिती आली. मॅके यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. आपल्या सर्वांत मोठ्या आशा आणि सर्वांत वाईट भीती क्वचितच खऱ्या ठरतात, असे वडील म्हणत, ही आठवण सांगून ती भीती आज खरी ठरल्याचे ते म्हणाले. दोघांची हत्या निवासस्थानी झाली, नऊ जण हवाईतळावर मारले गेले, आता कोणीही उरलेले नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आवाज चढला नाही, विशेषणे आली नाहीत.

मुंबई दूरदर्शन त्यानंतर महिनाभराच्या आत, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे महाराष्ट्रातील घरांनी हे प्रक्षेपण त्या वेळी पाहिले नाही. अमेरिकेत मात्र या कामगिरीबद्दल मॅके यांना क्रीडा आणि वृत्त अशा दोन्ही विभागांत 'एमी' पारितोषिके मिळाली. पुढेही त्यांनी ऑलिंपिकचे निवेदन केले. अशी एकूण बारा ऑलिंपिक त्यांच्या नावावर आहेत. घोड्यांच्या शर्यतींवर त्यांचे विशेष प्रेम होते. मेरीलँडमधील घोडापैदाशीला उत्तेजन देण्यासाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मेरीलँड मिलियन' शर्यतींच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ७ जून २००८ रोजी, प्रतिष्ठेची 'बेलमाँट स्टेक्स' शर्यत होती त्याच दिवशी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज वृत्तवाहिन्यांवर बातमी आधी झळकते आणि खातरजमा मागून होते. म्युनिकमध्येही घाई करण्याचा मोह होता. सरकारी प्रवक्त्याचा शब्द हाताशी होता. तरीही पक्की खबर येईपर्यंत अंतिम शब्द न उच्चारणे, ही शिस्त मॅके यांनी वृत्तपत्राच्या कचेरीत अंगी बाणवली होती. दूरचित्रवाणीवर ती त्यांच्या उपयोगी पडली आणि बर्गर कुटुंबासारख्या श्रोत्यांच्याही.