एका ‘ला’मुळे मागे काय काय वाकते

‘माझ्या धाकट्या भावाचे जुने घर पडले.’ या वाक्यातल्या पहिल्या पाच शब्दांच्या जागी नुसते ‘ते’ ठेवून पाहा: ‘ते पडले.’ वाक्य शाबूत राहते. पाच शब्द मिळून एकाच नामाचे काम करत होते, म्हणून हे जमले. अशा गटाला भाषेचे अभ्यासक नामपदबंध म्हणतात. शाळेतल्या वाक्यपृथक्करणात आपण ‘घर’ हा उद्देश आणि बाकीचा उद्देशविस्तार असे दोन कप्पे करतो. त्यात या गटाची आतली बांधणी दिसत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

याच गटाला ‘ला’ लावू. ‘माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या घराला तडा गेला.’ प्रत्यय लागला तो फक्त शेवटच्या शब्दाला. ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’ झाले, आणि त्याबरोबर मागचे ‘जुने’ आणि ‘भावाचे’ हेही वाकून ‘जुन्या’, ‘भावाच्या’ झाले. ‘माझ्या धाकट्या’ मात्र होते तसेच राहिले, कारण ते शब्द घराचे नाहीतच, भावाचे आहेत. ‘माझा धाकटा भाऊ’ हा आत बसलेला छोटा पदबंध. ‘चे’ लागले तेव्हाच तो वाकून झाला होता.

सगळीच विशेषणे वाकत नाहीत. ‘लाल’, ‘सुंदर’, ‘हुशार’ जागचे हलत नाहीत. ‘चांगला’, ‘जुना’ यांसारखी आकारान्त विशेषणे तेवढी बदलतात. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल ही तिन्ही लिंगे प्रत्ययापुढे एकाच ‘चांगल्या’मध्ये मिसळतात.

या मिसळण्याने कधी अर्थाचा घोटाळा होतो. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ म्हटले की पुस्तके जुनी, ‘जुने पुस्तकांचे दुकान’ म्हटले की दुकान जुने. इथवर शंका नाही. पण दोन्हींना ‘ला’ लावा. दोन्हींचे होते ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानाला’, आणि जुने काय ते कळेनासे होते. दुकान जुने असेल तर उपाय सोपा आहे: विशेषण नामाजवळ न्यायचे, ‘पुस्तकांच्या जुन्या दुकानाला’. पुस्तके जुनी असतील तर क्रम बदलून भागत नाही. तिथे धातुसाधित मदतीला येते: ‘जुनी पुस्तके विकणाऱ्या दुकानाला’. ‘पुस्तके’ इथे ‘विकणे’ या क्रियेचे कर्म आहे आणि त्याला प्रत्यय नाही, म्हणून शेवटचा ‘ला’ फक्त ‘विकणाऱ्या’पर्यंत पोचतो आणि ‘जुनी’ सरळ राहते.