गाव शिकणाऱ्या बाई

खाडी देशांतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे अलीकडे विदर्भातल्या काही घरांत ईदची खरेदी आणि प्रवासाची बॅग दोन्ही एकाच सुमारास येतात. मुलगी किंवा सून मस्कत, दुबई, कुवेत किंवा जेद्दाच्या शाळेत शिक्षिका म्हणून निघालेली असते. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे साक्षांकित झालेली असतात, व्हिसा आलेला असतो. आई बॅगेत जवसाची चटणी, कुरडया आणि लोणच्याची बरणी कोंबत असते. कागदांचे सगळे जमते, पण जिवाची धाकधूक जात नाही. तिथली मुले आपले बोलणे समजतील का? आजारी पडलो तर दार कोण वाजवेल? जे घर मिळेल त्याला आपले घर कधी म्हणता येईल?

हे प्रश्न नवे नाहीत. परक्या मुलखात शिकवायला जाऊन ज्यांनी ते सोडवले, अशी माणसे आपल्याच वर्धा जिल्ह्यात राहून गेली आहेत. फरक एवढाच की ती इथून तिकडे गेली नव्हती, तिकडून इथे आली होती.

तेविसाव्या वर्षी बोटीतून

मार्जरी साइक्स यांचा जन्म ११ मे १९०५ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. मेक्सबरो हे त्यांचे गाव कोळशाच्या खाणींच्या भागातले. वडील शाळामास्तर. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकून १९२८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्या बोटीने भारतात आल्या आणि मद्रासच्या वेपेरी भागातल्या बेंटिंक गर्ल्स हायस्कूलमध्ये शिक्षिका झाल्या.

त्या काळी गोऱ्या शिक्षिकेला इंग्रजीवर सगळे आयुष्य काढता आले असते. नोकर, बंगला, आपल्या लोकांचा क्लब, सुट्टीत थंड हवेचे ठिकाण, अशी सोय तयारच होती. मार्जरीबाईंनी तमिळ शिकायला घेतली. पुढे त्याच शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. १९३९ मध्ये त्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात गेल्या आणि पुन्हा पहिलीत बसल्या, या वेळी बंगालीच्या. ती भाषा त्यांनी इतकी आपलीशी केली की रवींद्रनाथांच्या तीन नाटकांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये पुस्तकरूपाने आले.

मद्रासमध्ये दहा-अकरा वर्षे काढल्यावर, मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाल्यावर, चौतिसाव्या वर्षी नव्या लिपीची अक्षरे गिरवायला बसणे सोपे नसते. ज्यांनी नोकरीसाठी गाव बदलले आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको. जुन्या गावात माणूस ‘बाई’ असतो, नव्या गावात नुसता पाहुणा.

तालीम म्हणजे काय?

तालीम म्हटले की मराठी माणसाला कुस्तीचा आखाडा आठवतो, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. उर्दूत याच शब्दाचा अर्थ शिक्षण. हा शब्द आपल्या जिल्ह्यात शिक्षणाच्या अर्थाने रुजला तो १९३७ नंतर. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताच्या कामाला धरून, असे तिथे ठरले. अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैन होते, तसे विनोबा, काका कालेलकर आणि किशोरलाल मशरूवालाही होते. त्या वर्षी रमजान नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला होता आणि समितीचा अहवाल २ डिसेंबरचा आहे. म्हणजे नई तालीमचा हा पहिला आराखडा रमजानच्या दिवसांत तयार झाला.

हे काम चालवायला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकिर हुसेन आणि चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम. आर्यनायकम हे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, तमिळ ख्रिस्ती. शांतिनिकेतनात त्यांनी रवींद्रनाथांबरोबर काम केले होते. त्यांच्या पत्नी आशादेवी बनारसच्या बंगाली प्राध्यापकांच्या कन्या. या दांपत्याने सेवाग्रामला घर केले. त्यांचा लहानगा मुलगा तिथेच गेला. परक्या गावावर एवढी किंमत मोजल्यावर कोणीही सामान बांधले असते. ते दोघे राहिले आणि गावातली पोरे शिकवत राहिले.

बोलावणारे गेले, तरी आल्या

मार्जरीबाईंना सेवाग्रामला यायचे निमंत्रण गांधीजींनीच दिले होते. पण त्यांच्या हाती दीनबंधू अँड्र्यूज यांच्या चरित्राचे काम होते. ते संपवून १९४९ मध्ये त्या आल्या, तेव्हा बोलावणारे गांधीजी हयात नव्हते. तरी त्यांनी दिलेला शब्द पाळला. शिक्षकांना घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि जवळपास दहा वर्षे त्यांनी ते केले.

इथे काचेच्या खिडक्या, घंटा आणि छडी असलेली शाळा नव्हती. सफाई, स्वयंपाक, शेती आणि सूतकताई हेच धडे. कापसाच्या बोंडापासून सुतापर्यंत जाताना मुले वजन, माप, हिशेब, भूगोल शिकायची. कापूस म्हणजे काय हे हिंगणघाटला सांगायला नको, इथली तर बाजारपेठच त्यावर उभी राहिली. पण यॉर्कशायरच्या बाईंना ते शिकावे लागले. वऱ्हाडी ऊन, काळ्या मातीचा पावसाळ्यातला चिखल, शाळेत हिंदुस्थानी आणि वेशीच्या आत मराठी. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंच्या कानांवर पुन्हा नवे शब्द पडू लागले.

भावी शिक्षकांबरोबर काम करायचे तर झाडू आणि भाजी चिरायची विळी दोन्ही हाती घ्यावी लागत. परक्या माणसाबद्दलचा संकोच अशा कामात लवकर गळून पडतो. भाषणाने जे महिन्यात होत नाही, ते एका पंगतीचे वाढप करताना होते. मार्जरीबाई पंथाने क्वेकर. त्यांची प्रार्थना बव्हंशी शांत बसून केलेली, तर सेवाग्रामची प्रार्थना अनेक धर्मांच्या वचनांची. आपली न सोडता दुसऱ्याच्या प्रार्थनेला बसता येते, हे त्या जगून दाखवत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. नई तालीमची पन्नास वर्षांची कहाणीही त्यांनीच इंग्रजीत लिहून ठेवली. १९९५ मध्ये, नव्वदी पार केल्यावर, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मुसाफिराचा हक्क

रमजानमध्ये मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांतही वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. घरापासून दूर असलेला माणूस, तो पैसेवाला असला तरी, त्या घडीला गरजू असू शकतो, ही जाण त्यामागे आहे.

खाडी देशांत निघालेल्या शिक्षिकेला हे पहिल्याच महिन्यात कळते. कुवेत किंवा सौदीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा भरते. वर्गात केरळची, हैदराबादची, लखनौची मुले शेजारी शेजारी बसतात. आपण ज्याला सरळ इंग्रजी समजतो, ते त्यांना वऱ्हाडी वळणाचे वाटते. रमजानमध्ये शाळेचे तास कमी होतात, दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावे लागते. हिंगणघाटची हिंदू शिक्षिका आपला डबा आडोशाला खाते आणि संध्याकाळी शेजारीण इफ्तारचे ताट घेऊन दारात उभी राहते. त्या ताटाबरोबर चार अरबी किंवा मल्याळी शब्द शिकून घेतले, आणि रिकामे ताट परत करताना त्यात आपल्या कुरडया ठेवल्या, की ओळखीची सुरुवात झाली. मुलांची नावे त्यांच्या घरी म्हणतात तशी म्हणायला शिकणे हा पहिल्या आठवड्याचा अभ्यास. मार्जरीबाईंनी तीनदा केला तो हाच.

पण अर्धे काम गावाचेही असते. आलेल्या माणसाला शिकू देणारे, चुकीच्या उच्चारावर हसून पुन्हा सांगणारे शेजारी लागतात. सेवाग्रामला सिलोनचे मास्तर आणि इंग्लंडच्या बाई रुजल्या, त्यात तिथल्या साध्या माणसांचाही वाटा आहे.

हिंगणघाटातही दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून शिक्षक नोकरीला येतात. भाड्याची खोली घेतात, संध्याकाळी एकट्याचा कुकर लावतात. आपली लेक परदेशात कोणाच्या तरी दारातल्या ताटाची वाट बघत असेल, तर आपल्या गल्लीतल्या या मास्तरांचे दार इफ्तारच्या वेळी वाजवायला काय हरकत आहे? ईदचा शीरखुर्मा तर सगळ्यांनाच आवडतो.