पॅटी-जो बोलायची, जिंजर ऐकायची

२०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ पडद्यावर आला आणि कृष्णवर्णीय नायकाचं कॉमिक जगभर पोचलं. त्याच वर्षी जॅकी ऑर्म्स या चित्रकर्तीला कॉमिक्सच्या दुनियेतला मोठा मान मिळाला. विल आइस्नर यांच्या नावाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिची निवड झाली. तिला जाऊन तेव्हा ३० वर्षांहून अधिक काळ लोटला होता. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, जॅकीचं नाव मात्र कॉमिक्सवेड्यांनाही फारसं ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

जॅकीचा जन्म १९११ चा, पिट्सबर्गचा. ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक. आगगाड्यांमधले पुलमन पोर्टर, म्हणजे डब्यातले सेवक, अशा वृत्तपत्रांचे गठ्ठे दक्षिणेतल्या गावांपर्यंत पोचवायचे. १९३७ मध्ये ‘कुरियर’मध्ये जॅकीची ‘टॉर्ची ब्राऊन’ अवतरली. मिसिसिपीतली ही मुलगी नाच-गाण्यात नाव काढायला न्यूयॉर्कला निघते. स्टेशनवर गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या डब्यांकडे बोट दाखवणाऱ्या दोन वेगळ्या पाट्या आहेत. टॉर्ची वाचता येत नसल्याचं सोंग करते आणि खुशाल गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसते. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेकडे जात होती. त्यांच्यापैकी कितीजणींना हा प्रसंग वाचून आतून बरं वाटलं असेल!

माझं मन रमतं ते तिच्या ‘पॅटी-जो अँड जिंजर’मध्ये. १९४५ ते १९५६ अशी ११ वर्षं दर आठवड्याला एकच चौकट. धाकटी पॅटी-जो पाच-सहा वर्षांची, तोंडाने फटकळ. थोरली जिंजर झोकदार कपड्यांतली देखणी तरुणी. ती एक शब्द बोलत नाही. तिचे नुसते विस्फारलेले डोळे पाहायचे. मोठ्यांना जे उघड म्हणता येत नव्हतं, ते या पोरीच्या तोंडून यायचं.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईकडे बघून त्याने शिट्टी मारली, एवढ्या आरोपावरून त्याला घरातून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. सप्टेंबरमध्ये सगळ्या गोऱ्या पंचांनी दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. ऑक्टोबरमध्ये जॅकीचं चित्र आलं. पॅटी-जो स्वयंपाकघरातून येऊन जिंजरला सांगते आहे की, त्या नव्या पांढऱ्या किटलीने आपल्याकडे बघून शिट्टी मारली. चित्रात रक्त नाही, टिलचं नावही नाही. इतक्या कमी रेषांत इतका संताप मी दुसऱ्या कुठल्या व्यंगचित्रात पाहिलेला नाही.

१९४७ मध्ये पॅटी-जोची बाहुली बाजारात आली. तोवर काळी बाहुली म्हणजे बहुधा डोक्याला फडकं बांधलेली मोलकरीण. या बाहुलीचे केस विंचरता यायचे, तिला ऐटदार फ्रॉक-कोट होते, आणि चेहरा जॅकीने स्वतः रंगवलेल्या मुलीचा. केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य त्याच दशकात दाखवून देत होतं की कृष्णवर्णीय मुलंही गोरी बाहुलीच जवळ करतात. हे लक्षात घेतलं, की त्या केसांचं आणि कपड्यांचं मोल कळतं.

पुढे १९५० ते ५४ या काळात टॉर्ची रंगीत पानावर परतली. शेवटच्या कथेत ती एका डॉक्टरसोबत गावाचं पाणी-हवा नासवणाऱ्या रासायनिक कारखान्याशी झुंजते. प्रदूषणावर तेव्हा कॉमिक्समध्ये कोण बोलत होतं? सरकारचं मात्र जॅकीकडे लक्ष होतं. एफबीआयने तिच्यावर २८७ पानांची फाइल तयार केली होती.

पुढे संधिवाताने हात आखडले आणि चित्रं थांबली. १९८५ मध्ये शिकागोत ती वारली. तिची चित्रं कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतच छापली गेली, म्हणून गोऱ्या वाचकांनी ती पाहिली नाहीत आणि कॉमिक्सच्या इतिहासकारांनी शोधली नाहीत. अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातल्या दैनिकांत देशभर झळकणारी पहिली कृष्णवर्णीय चित्रकर्ती बार्बरा ब्रँडन-क्रॉफ्ट. त्यासाठी १९९१ साल उजाडावं लागलं.

नॅन्सी गोल्डस्टीन यांनी लिहिलेलं जॅकीचं चरित्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. दिवाळी अंक हातात आला की आधी व्यंगचित्रं उलगडणाऱ्या प्रत्येकाने ते मिळवावं. मजकूर सावकाश वाचा. आधी जिंजरचे डोळे बघा.