मागे जोडलेले घर



अमेरिकेतील पुष्कळ कुटुंबे सुट्टीत पिकअपमागे चाकांचे घर जोडून मुक्कामाला जातात. त्यास 'फिफ्थ व्हील' म्हणतात. त्याचे पुढचे वजन पिकअपच्या मागील चाकांवर येते, म्हणून ते कमी डोलते. तसाच जोड आपण नर्मदापुरम रोडवर मंडीदीपकडे जाणाऱ्या कंटेनर-ट्रेलरला पाहतो.

मुक्कामी सपाट जागा पाहावी. आधी घराच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावे, पुढचे पाय टेकवावे, मगच जोड सोडावा.

वळताना मात्र मागची चाके आतून येतात, म्हणून चालक वळण मोठे घेतो. ती रिकामी जागा पाहून आपण सायकल आत घालू नये. तेथे आपण चालकास दिसत नाही. थांबावे, ट्रेलर पूर्ण वळू द्यावा. एवढी सवय आपण सर्वांनी लावून घेऊ या.