सरांना कुणी शिकवलं?

डिसेंबर उजाडला की आपल्या भूममध्ये शाळा-कॉलेजांत गॅदरिंगचं वारं वाहू लागतं. मग शोध सुरू होतो 'डान्स बसवणाऱ्या'चा. प्रत्येक गल्लीत असा एक दादा नाहीतर एक ताई असतेच. ती कुठं शिकली, हे कुणी विचारत नाही. गाणं चार मिनिटांचं, पोरी बारा, हातात दिवस आठ. तेवढ्यात डान्स बसला पाहिजे, बास!

माझी शाळेतली एक मैत्रीण अशीच डान्स बसवते. दिवाळीत मी गावी आले तेव्हा तिनं विचारलं, "मला क्लास काढायचाय गं. पण मी कुणाकडं शिकलेली नाही. सगळं फोनवर बघून. आमच्या घरात तर कुणी कधी नाचलेलंच नाही. मी शिकवू शकते का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं असतं? म्हणून मी उलटा प्रश्न घेऊन बसले: जे मोठे नृत्यशिक्षक झाले, ते स्वतः या वाटेला लागले कसे? त्यांच्या घरात होतं का हे सगळं?

गवताचा पाय, पेंढ्याचा पाय

सुरुवात केली ती तिनंच पाठवलेल्या एका रीलपासून. स्टेजवर मुलामुलींची लांबच लांब रांग, हात अंगाला चिकटवलेले, चेहरे समोर, आणि गुडघ्याखाली नुसता कडकडाट. हा आयरिश डान्स. गंमत म्हणजे 'रील' हे त्यातल्याच एका नाचाचं आणि त्याच्या चालीचं जुनं नाव आहे. आपला फोन खूप नंतर आला!

अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये नाच शिकवणारे मास्तर गावोगाव फिरायचे. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचे, काही आठवडे पोरांना शिकवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. ज्यांना डावं-उजवं कळायचं नाही, त्यांच्या एका पायाला वाळलं गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधायचे म्हणे. मग हुकूम सुटायचा : गवताचा पाय उचल, पेंढ्याचा पाय टेकव! शिकणाऱ्याला जे आधीच माहीत आहे, तिथूनच त्याला शिकवायचं. चांगल्या शिक्षकाची खूण यापेक्षा वेगळी काय असते?

हा नाच जगभर गेला तो 1994 मध्ये. डब्लिनला युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा होती आणि मध्यंतरात 'रिव्हरडान्स' नावाचा सात मिनिटांचा कार्यक्रम झाला. त्यातले दोन्ही मुख्य कलाकार, मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर, जन्मले अमेरिकेत. फ्लॅटली शिकागोचा, स्थलांतरित आयरिश कुटुंबातला. क्लासला गेला तो अकराव्या वर्षी. या नाचात चार-पाच वर्षांची पोरं उभी राहतात, म्हणजे तो उशिराच आला म्हणायचा. 1975 मध्ये जागतिक स्पर्धा जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तिथल्या मुख्य नृत्यसंस्थेच्या नियमाप्रमाणे छान नाचता येतं म्हणून कुणी आपोआप शिक्षक होत नाही. वेगळी परीक्षा द्यावी लागते. समूहनृत्यांवर लेखी पेपर, संगीताची जाण, स्वतःचा नाच आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवणं. म्हणजे नाचणं एक आणि शिकवणं दुसरं, हे त्यांनी कागदावर मान्य केलंय.

पण आयर्लंड लांब राहिलं. आपल्याकडं काय?

मालवणहून तंजावरकडं

आपल्याकडची पहिली गोष्ट आचार्य पार्वतीकुमार यांची. मूळ नाव महादेव कांबळी, जन्म 1921, गाव मालवण. कोकणातल्या मुलाचा आणि तमिळनाडूतल्या भरतनाट्यमचा काय संबंध? जन्मानं काहीच नाही. पण मुंबईत ते दाक्षिणात्य गुरूंकडं शिकले, आणि शिकता शिकता त्यांना एक भन्नाट गोष्ट सापडली.

तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, हे आपण इतिहासात वाचतो. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथं गेले, पुढं त्यांच्याच घराण्यात दुसरे सरफोजी झाले. या सरफोजीराजांच्या नावावर भरतनाट्यमसाठीच्या रचना आहेत, आणि त्या चक्क मराठीत आहेत! त्यांना 'निरूपण' म्हणतात. एकच कथा, एकच राग, एकच ताल आणि त्यात ओवलेले अठरा नृत्यप्रकार. या रचना हस्तलिखितांत पडून होत्या. पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास केला, त्या रंगमंचावर आणल्या आणि 'तंजावर नृत्यप्रबंध' हा ग्रंथ लिहिला. 1968 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेचं नावही 'तंजावर नृत्यशाळा'.

म्हणजे बघा, परका वाटणारा नाच शिकायला गेलेल्या माणसाला त्या नाचात आपलीच भाषा भेटली. पण कधी? आधी तो नाच परक्यासारखा, निमूटपणे शिकल्यावर.

त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढचं पाऊल टाकलं. पार्वतीकुमारांनंतर त्या थेट तंजावरच्या परंपरेतल्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडंही शिकल्या. मग हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम बांधून त्यांनी 'नृत्यगंगा' उभी केली. शिष्येनं गुरूचंच गिरवलं नाही, स्वतःची भर घातली.

बाविशीतली बाई

दुसरी गोष्ट वाचताना मी जरा सरसावून बसले, कारण त्यात माझं वय आहे. रोहिणी भाटे यांचा जन्म 1924 चा. त्यांनीही सुरुवातीला भरतनाट्यमचे धडे पार्वतीकुमारांकडंच घेतले. 1946 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून पदवी घेतली, जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडं कथक सुरू केलं आणि 1947 मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' काढली. बावीस-तेविसाव्या वर्षी! कथक तिकडं उत्तरेत, घराण्यांत वाढलेलं. 'चांगल्या घरच्या मुली नाचत नसतात' असं सर्रास म्हणायचा तो काळ. आणि एका मराठी पदवीधर मुलीनं कथकची शाळा उघडली.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. शाळा काढली म्हणून बाईंचं शिकणं संपलं नाही. पुढं लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडं आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडं त्या कितीतरी वर्षं शिकत राहिल्या. पाटीवर 'गुरू' आणि स्वतः विद्यार्थिनी! संगीत शिकल्या, संस्कृत साहित्यात शिरल्या, इसाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेचं आत्मचरित्र 'मी इसाडोरा' या नावानं मराठीत आणलं. आज पुण्यात गल्लोगल्ली कथकचे क्लास दिसतात, त्यामागं बाईंच्या शिष्यांच्या पिढ्या आहेत.

आणि आपला मराठवाडा?

'हे सगळं पुण्या-मुंबईचं,' असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सातवा आणि शेवटचा अध्याय पूर्ण नृत्यावर आहे. छत्रपती संभाजीनगरला 1996 मध्ये 'महागामी' गुरुकुल सुरू झालं. तिथं पार्वती दत्ता कथक आणि ओडिसी दोन्ही शिकवतात. त्या स्वतः बिरजू महाराज आणि केलुचरण महापात्रा यांच्या शिष्या. शार्ङ्गदेवाच्या नावानं तिथं महोत्सवही भरतो.

आणि गुरुकुल नसलेल्या गावात काही नसतं असंही नाही. तुळजापूरच्या वाटेवरचा गोंधळ, आराध्यांची गाणी, लग्नातली हलगी हे आपण जन्मल्यापासून ऐकतोय. हलगी सुरू झाली की तुमचा पाय कुणी न शिकवता सम गाठतो. तोच आपला गवताचा पाय.

मग तिला काय सांगितलं?

या सगळ्यांत मला एकच समान धागा दिसला. घरात परंपरा नसणं यांतल्या कुणाला आडवं आलं नाही. उशीरही आडवा आला नाही. पण एक गोष्ट कुणीच टाळली नाही : समोर बसून चूक दाखवणारं माणूस. फोन तुम्हाला स्टेप दाखवतो. तुमची टाच चुकीची पडतेय, असंच चाललं तर दोन वर्षांत गुडघा दुखेल, हे फोन सांगत नाही. आणि ज्याला आपली चूक कुणी दाखवली नाही, तो दुसऱ्याची चूक ओळखणार कशी? क्लासमधल्या आठ वर्षांच्या पोरीचा गुडघा तुमच्या भरवशावर असतो.

म्हणून मी तिला सांगितलं, "क्लास काढ. लहान पोरींना ताल, हलगीचे ठेके, लोकनृत्य यातलं तुला पक्कं येतं तेवढं शिकव. पण शनिवार-रविवारची एसटी पकड आणि तूही कुणाच्या तरी क्लासला जाऊन बस. पोरींना लपवून नको, सांगून जा, की तुमची ताईसुद्धा शिकायला जाते."

ती म्हणाली, "त्याला वर्षं लागतील की."

लागतीलच. आपण भूमची माणसं. दूध आटवल्याशिवाय खवा होत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला हवं का?

तुम्हालाही शिकायचंय?

• अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा कथक आणि भरतनाट्यमसाठी असतात. 'प्रारंभिक'पासून सुरुवात, पुढं 'विशारद' आणि 'अलंकार'. जवळचं परीक्षा केंद्र कुठं आहे ते आधी विचारा.

• नृत्यातच पदवी हवी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. कथक आणि भरतनाट्यम दोन्ही शिकता येतं.

• केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांसाठी शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटाला मिळते. दोन वर्षं, महिना 5000 रुपये. लोककलाही त्यात येतात. मात्र गुरूकडं काही वर्षं शिकल्याचा पुरावा लागतो, म्हणून कुणाकडं, कधीपासून शिकताय याची नोंद आजपासूनच ठेवा.

• विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरा. बक्षिसाचं नंतर बघू. इतर कॉलेजांची पोरं कुणाकडं शिकतात, हे तिथंच कळतं. हा प्रश्न विचारायला लाजू नका : तुमचे सर कोण? आणि सरांचे सर कोण?